१ कोटी आले तेव्हा १७ दिवस उरले होते

१४ जुलै २०२४, रविवार. अंशुमन गायकवाड यांच्या उपचारांसाठी १ कोटी रुपये देत असल्याचं भारतीय क्रिकेट नियामक मंडळानं जाहीर केलं. ३१ जुलै २०२४, बुधवार. अंशुमन गायकवाड बडोद्यात गेले. वय ७१. दोन तारखांमधलं अंतर १७ दिवसांचं.

घरातल्या आजारी माणसासाठी पैसे उभे करण्याची गोष्ट आपण बहुतेक वेळा रकमेत सांगतो. किती लागले, किती जमले, किती कमी पडले. बडोद्यातल्या दोन क्रिकेटपटूंचे आणि त्यांच्यासाठी धावलेल्या माणसांचे आकडे मी मांडून पाहिले, तेव्हा रकमेपेक्षा तारखा जास्त बोलू लागल्या. म्हणून या लेखात रुपयांइतकेच दिवस मोजले आहेत.

आधी अंशुमन. ४० कसोटी, १,९८५ धावा, १५ एकदिवसीय सामने. १९७६ साली जमैकाच्या सबिना पार्कवर ८१ धावांवर असताना मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर बसला आणि मैदानातून थेट रुग्णालयात जावं लागलं. १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा केल्या, त्यासाठी ६७१ मिनिटं, म्हणजे अकरा तासांहून जास्त वेळ, खेळपट्टीवर उभे राहिले. अनिल कुंबळेनं १९९९ साली दिल्लीत एका डावात दहा बळी घेतले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक तेच होते. वडील दत्ताजीराव १९५९च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताचे कर्णधार होते. ते १३ फेब्रुवारी २०२४ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, बडोद्यातच गेले. साडेपाच महिन्यांत एका घरातले दोन कसोटीपटू गेले.

अंशुमन यांना रक्ताचा कर्करोग होता आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये उपचार चालले होते. संदीप पाटील आणि दिलीप वेंगसरकर तिथे त्यांना भेटले. उपचारांसाठी पैसे हवे आहेत, असं अंशुमन यांनी पाटलांना सांगितलं. मंडळाचे तेव्हाचे कोषाध्यक्ष आशिष शेलार यांच्याशी दोघे बोलले, आणि जुलैच्या सुरुवातीला पाटलांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या स्तंभात हे सगळं लिहिलं. लोकांना कळलं ते तेव्हा. मग कपिल देव पुढे आले. मोहिंदर अमरनाथ, सुनील गावसकर, संदीप पाटील, मदनलाल, रवी शास्त्री, कीर्ती आझाद हे सगळे पैसे जमवायच्या खटपटीत असल्याचं त्यांनी सांगितलं. कुटुंबाची हरकत नसेल तर स्वतःचं निवृत्तिवेतन देण्याची तयारीही दाखवली. अशा खेळाडूंसाठी काही व्यवस्थाच नाही, एखादा विश्वस्त निधी हवा, हे त्यांनीच बोलून दाखवलं. त्यानंतर मंडळाचा निर्णय झाला.

स्तंभापासून निर्णयापर्यंत साधारण दोन आठवडे गेले. सरकारी कामाच्या मानानं हे वेगवान म्हणावं लागेल. आजार मात्र वर्षाहून जास्त काळ चालला होता. उशीर झाला तो स्तंभ छापून येण्याआधीच्या काळात, कोणाला सांगायचं, कसं सांगायचं आणि सांगायचं की नाही या विचारात. ४० कसोटी खेळलेल्या, मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या माणसाला हे जड गेलं असेल, तर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या निवृत्त कारकुनाला किती जड जात असेल?

१ कोटी ही रक्कम किती मोठी, याचीही मापं घेऊन पाहू. २०२२ साली मंडळानं माजी कसोटीपटूंचं निवृत्तिवेतन वाढवलं. वरच्या गटाला महिना ५० हजारांचे ७० हजार झाले. त्या दरानं १ कोटी जमायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. दुसरं माप मंडळाच्या बाजूचं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, सामने ४१० धरून. एका सामन्याला ११८ कोटी. हा जुलै उजाडण्याच्या आदल्या दिवशी, ३० जून २०२४ला, विश्वचषक जिंकलेल्या संघाला १२५ कोटींचं बक्षीस जाहीर झालं होतं. म्हणजे अंशुमन यांना मिळालेली रक्कम एका आयपीएल सामन्याच्या हक्कांच्या एक टक्क्याहून कमी होती. विजेत्यांना बक्षीस मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. मंडळानं दिलेले पैसेही कमी म्हणता येणार नाहीत. ज्यांच्याकडे इतका पैसा आहे त्यांच्याकडे म्हाताऱ्या खेळाडूंच्या आजारपणाचा निधी आधीपासून तयार असायला हवा होता, कपिल देवना फोन फिरवावे लागायला नको होते, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी ठामपणे मांडतो.

आता दुसरा बडोदेकर. जेकब मार्टिन, भारताकडून १० एकदिवसीय सामने आणि २००० – ०१चा रणजी करंडक जिंकणाऱ्या बडोदा संघाचा कर्णधार. २८ डिसेंबर २०१८ रोजी रस्त्यावर अपघात झाला. फुप्फुसं आणि यकृताला मार लागला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. रोजचा खर्च सुमारे ७० हजार असल्याचं त्या वेळी प्रसिद्ध झालं होतं. पत्नीनं मदतीसाठी शब्द टाकला. क्रिकेट मंडळानं ५ लाख दिले, बडोदा क्रिकेट असोसिएशननं ३ लाख. पण बिल ११ लाखांच्या वर गेलं होतं, आणि एका टप्प्यावर औषधं देणं थांबलं होतं, असं धावपळ करणारे मंडळाचे माजी सचिव संजय पटेल यांनी तेव्हा सांगितलं. कृणाल पंड्यानं कोरा धनादेश पाठवला आणि कळवलं की हवी ती रक्कम भरा, फक्त १ लाखापेक्षा कमी भरू नका. सौरव गांगुलीनंही हात पुढे केला.

८ लाखांना ७० हजारांनी भागलं की साडेअकरा दिवस येतात. दोन मोठ्या संस्थांनी मिळून साडेअकरा दिवस विकत घेतले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांना हे गणित करावं लागत नाही, त्यांना ते पाठच असतं. जमलेली रक्कम किती लाख, असं तिथे कोणी विचारत नाही. कधीपर्यंत पुरेल, असं विचारतात. जेकब मार्टिन त्या दुखण्यातून उठले. अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारनं मे २०२५मध्ये कॅशलेस उपचारांची योजना लागू केली आहे. अपघातापासून ७ दिवस, जास्तीत जास्त दीड लाख रुपये. २०१८च्या त्या ७० हजारांच्या दरानं दीड लाख दोन दिवसांत संपतो. तरी ते पहिले दोन दिवस असतात आणि त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही, म्हणून मला ही योजना मोलाची वाटते.

हे दोघे नावाजलेले. नाव नसलेल्यांचं काय होतं, ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत दिसतं. जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षात, बाळंतपणं वगळून, शहरातल्या खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ३८,८२२ रुपये होता, सरकारी रुग्णालयात ४,८३७. आठ पट फरक. बडोद्याच्या भाषेत हा एसएसजी, म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, आणि शहरातली खासगी रुग्णालयं यांच्यातला फरक. कर्करोगासाठी एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च ६१,२१६ रुपये होता. कर्करोगात एकदा दाखल होऊन कोणाचंच भागत नाही.

याच पाहणीत हा खर्च कुठून केला तेही विचारलं होतं. शहरात सुमारे ८४ टक्के आणि खेड्यात ८० टक्के घरांचा मुख्य आधार होता घरची मिळकत आणि साठवलेले पैसे. कर्ज किंवा उसनवार शहरात साडेआठ टक्के, खेड्यात १३ टक्क्यांहून जास्त. आणि नातेवाईक-मित्रांची मदत? जेमतेम तीन-चार टक्के.

या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. अडीअडचणीला नातीच धावून येतात, असं आपण मानतो. सगळे नातेवाईक पाठ फिरवतात, असा याचा अर्थ नाही. पाहणीत खर्चाचा मुख्य मार्ग विचारला होता, आणि नातेवाइकांची मदत बहुधा मुख्य नसते, ती अखेरची असते. एफडी मोडून झाली, पाटल्या गहाण पडल्या, पतपेढीचं कर्ज उचललं, की मग आत्याला फोन जातो. आत्या नाही म्हणत नाही. पण तोवर दहा-बारा दिवस गेलेले असतात. माझ्या पाहण्यातल्या प्रत्येक घरात हाच क्रम होता, आमच्या घरातही.

एक हिशेब मांडतो. कुटुंब कल्पित आहे, रकमा माझ्या अंदाजाच्या आहेत, पण ज्यांनी असं आजारपण काढलं आहे त्यांना त्या परक्या वाटणार नाहीत. बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यात राहणारे, खासगी कंपनीत नोकरी करणारे ५८ वर्षांचे गृहस्थ. मेंदूत रक्तस्राव. त्याच रात्री १ लाख डिपॉझिट, एस्टिमेट ८ लाखांचं. कंपनीचा विमा ३ लाखांचा, घरची ठेव २ लाखांची. तूट ३ लाख. तीन सख्खी भावंडं प्रत्येकी ५० हजार देतात. सहा चुलत-मामे भावंडं दहा-दहा हजार. ऑफिसातले ४० जण हजार-हजार, शाळेच्या जुन्या गटातले ५० जण पाचशे-पाचशे. बेरीज २ लाख ७५ हजार, देणारे ९९. त्यातल्या तिघांनी अर्ध्याहून जास्त भार उचलला. उरलेल्या ९६ जणांकडून सव्वा लाख आले, आणि त्या ९६ फोनांना, निरोपांना, आभारांना आठ-दहा दिवस लागले. घरातला जो मुलगा किंवा जी मुलगी हे काम करते, ती त्या दिवसांत आजारी माणसापाशी बसू शकत नाही. हा खर्च कुठल्याच पाहणीत येत नाही. ऑफिसातले लोक पगाराच्या तारखेनंतर देतात, त्यात त्यांचा दोष नाही. आणि तरीही २५ हजार कमीच पडले.

मग लोक म्हणतात, ऑनलाइन मागा. मिलाप २०१० साली सुरू झालं, केटो २०१२ साली, इम्पॅक्ट गुरू २०१४ साली. या व्यासपीठांनी अशक्य वाटणारी कामं केली आहेत. २०२१ साली मध्य गुजरातमधल्या एका बाळाला मज्जासंस्थेचा दुर्मिळ जनुकीय आजार होता, औषधाच्या एका मात्रेची किंमत १६ कोटी. सुमारे दीड महिन्यात अडीच लाखांहून जास्त माणसांनी ती रक्कम भरली आणि बाळाला मुंबईत इंजेक्शन मिळालं. एकेका देणगीदाराची सरासरी सुमारे ६०० रुपये. इतक्या अनोळखी माणसांनी एका बाळासाठी खिशात हात घातला, हे आठवलं की आजही भरून येतं.

पण हीच सरासरी बाबाजीपुऱ्याच्या यादीला लावून बघा. ९९ गुणिले ६०० बरोबर ५९,४००. जेकब मार्टिनच्या एका दिवसाच्या खर्चाहून कमी. अडीच लाख लोकांपर्यंत पोचायला बाळाचा चेहरा लागतो, वाहिन्या लागतात, कलाकार लागतात, समाजाची संघटना लागते. ५८ वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर न घेतलेल्या माणसासाठी यातलं काहीच उभं राहत नाही. त्याचा जीव त्याच्या घराला तेवढाच मोलाचा असतो.

अमेरिकेत याचा मोठा अभ्यास झाला. गोफंडमी या व्यासपीठावरची २०१६ ते २०२० या काळातली ४ लाख ३७ हजारांहून जास्त वैद्यकीय आवाहनं तपासली. जमलेली एकूण रक्कम २ अब्ज डॉलरच्या वर. पण ठरवलेली रक्कम गाठली ती फक्त १२ टक्क्यांनी, आणि १६ टक्क्यांना एक डॉलरही मिळाला नाही. जिथे उत्पन्न कमी, विमा कमी आणि औषधोपचारांची देणी जास्त, तिथल्या लोकांना गरज जास्त होती आणि हाती कमी पडलं. ज्यांच्या ओळखी पैसेवाल्यांशी, त्यांची झोळी भरते. बातमी १६ कोटींची होते, शून्य रुपये जमलेल्या आवाहनाची होत नाही, आणि त्यामुळे दवाखान्यात बसलेल्या घराला वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

पैसे जमवताना कायदा कुठे आडवा येतो, हेही फार उशिरा कळतं. आयकर कायद्याप्रमाणे नातेवाइकांकडून मिळालेली भेट करमुक्त असते. बाकीच्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त आले तर ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. आणि नातेवाईक कोण? नवरा-बायको, दोघांचे आई-वडील-आजोबा आणि मुलं-नातवंडं, सख्खी भावंडं, जोडीदाराची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, आणि या सगळ्यांचे नवरे किंवा बायका. चुलतभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ, मावसबहीण या यादीत नाहीत. काकांनी पुतण्याला दिलं तर ते नातेवाइकानं दिलेलं ठरतं. पुतण्यानं आजारी काकांना दिलं तर नाही, कारण यादी घेणाऱ्याच्या बाजूनं वाचतात. ज्या समाजात चुलतभावाला भाऊच म्हणतात, तिथे हा नियम फार परका वाटतो आणि तो बदलायला हवा. वरच्या कल्पित घरात भावंडांचे दीड लाख सोडले तर उरलेले सव्वा लाख या कायद्याच्या दृष्टीनं परक्यांकडून आले आहेत. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत आलेल्या मदतीला सवलत आहे, म्हणून मोठी रक्कम जमवायची असेल तर सुरुवातीलाच जाणत्या सनदी लेखापालाला विचारावं.

रोखीचेही नियम आहेत. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घ्यायची तर रोखीनं घेता येत नाही, बँकेतूनच यावी लागते. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आहे, आणि ती रुग्णालयालाही लागू आहे. रात्री कपाटातली सगळी रोकड पिशवीत घालून निघालेल्या माणसाला हे कोण सांगणार? डिसेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनं रुग्णालयांना यूपीआयनं पैसे देण्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख करण्याचं ठरवलं, तो या सगळ्यातला खरा दिलासा. पुण्यातल्या मामाला आता बडोद्याच्या रुग्णालयाच्या क्यूआर कोडवर थेट पैसे भरता येतात, आणि पैसे कुठे गेले याची शंका कोणाच्या मनात राहत नाही.

देशपातळीवर चित्र सुधारलं आहे, हे नाकारून चालणार नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३ – १४ साली आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१ – २२ साली ते प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. टक्केवारी उतरली, पण ३९.४ टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ५६ हजार कोटी रुपये. दिवसाला साधारण ९७५ कोटी, रोज, कोणाच्या ना कोणाच्या खिशातून. आधी सांगितलेल्या २०१७ – १८च्या नमुना पाहणीत शहरातल्या ८१ टक्के आणि खेड्यातल्या ८६ टक्के लोकांकडे कुठलंही आरोग्य संरक्षण नव्हतं. त्यानंतर २३ सप्टेंबर २०१८ला आयुष्मान भारत योजना सुरू झाली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची. गुजरातनं २०१२ सालीच ‘मा’ योजना आणली होती, ती यात मिसळली आणि जुलै २०२३पासून राज्यात ही मर्यादा १० लाख झाली. बडोद्यात अनेक घरं या योजनेच्या कार्डामुळे कर्जातून वाचली आहेत. कार्ड असलेल्या रिक्षावाल्याला तूट सोसावी लागत नाही, श्रीमंताला ती जाणवत नाही. वर्षाला साडेचार-पाच लाख कमावणारा, उत्पन्नाच्या मर्यादेच्या जरा वर असलेला माणूस मध्ये सापडतो. वर्गणीसाठी फोन फिरवणारी घरं बहुतेक याच मधल्या पट्ट्यातली असतात.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं ११ सप्टेंबर २०२४ला केला. अंशुमन गायकवाड ७१ वर्षांचे होते आणि त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. लंडनच्या उपचारांना ही योजना लागू पडलीच नसती. पण त्यांच्या वयाच्या, त्यांच्याच शहरातल्या हजारो माणसांना ती लागू पडते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेही ऐकून सोडून देण्यासारखं नाही. आयुष्मान कार्ड निघालं आहे का, हे आजच घरातल्या ज्येष्ठांना विचारा. अतिदक्षता विभागाबाहेर बसून कागद गोळा करण्यात जे चार दिवस जातात, ते वाचतात.

बडोद्यात याहून जुनी एक युक्ती आहे, आणि ती मराठी माणसांची आहे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांनी इथे ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ सुरू केली. भारतातली ती पहिली सहकारी पतसंस्था मानतात. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला अजून १५ वर्षं होती, तो १९०४चा. कल्पना साधी होती. मध्यमवर्गीय नोकरदारांनी थोडं थोडं एकत्र ठेवायचं आणि ज्याला गरज पडेल त्यानं त्यातून घ्यायचं. नावातच ‘अन्योन्य’ आहे, एकमेकांचं. गुजरातीतला फाळो आणि मराठीतली वर्गणी बहुधा संकट आल्यावर निघते. कवठेकरांची मंडळी संकटाच्या आधी जमवायची. सगळा फरक या ‘आधी’त आहे.

आजही हे घराघरांत करता येतं, आणि काही कुटुंबं करतात. भिशीचा सराव आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, कोण वेळेवर देतं आणि कोण टाळतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे वही त्यांच्याच हाती द्यावी असं माझं मत आहे. अवघड प्रश्न पुढे येतात. कोणत्या दुखण्याला द्यायचं, किती द्यायचं, परत घ्यायचं की नाही, दुबईतल्या भाच्यानं आणि वाडीतल्या काकूनं सारखेच पैसे भरायचे का. हे प्रश्न लग्नकार्यात, सगळे धडधाकट असताना, जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसून सुटतात. रुग्णालयाच्या जिन्यात सुटत नाहीत, तिथे माणसं एकमेकांना दुखावतात आणि ते दुखणं आजारी माणूस घरी आल्यावरही बरं होत नाही.

चुलत, मामे, आते, मावस धरून २४ घरं. दर घरी महिना ५०० रुपये, दोन सदस्यांच्या सहीनं चालणाऱ्या बँक खात्यात. वर्षाला १ लाख ४४ हजार. एवढ्यात कोणाचा कर्करोग बरा होणार नाही, व्हेंटिलेटरचे दहा दिवसही निघणार नाहीत. पण पहिल्याच वर्षाच्या अखेरीस बाबाजीपुऱ्यातले ते गृहस्थ रात्री अकराला कोसळले, तर काउंटरवर मागितलेलं १ लाखाचं डिपॉझिट त्याच रात्री भरलं जाईल, वर ४४ हजार शिल्लक राहतील, आणि त्यांची मुलगी सकाळपर्यंत वडिलांपाशी बसू शकेल.